पदार्थ आणि जागा : कामावरच्या माणसाच्या जेवणाची मराठी नोंद

काही वर्षांपूर्वी मी माझ्या आजीवर एक लेख लिहिला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात कराड-पाटण भागातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घराची मागची भिंत खचली आणि १९६८ च्या उन्हाळ्यात ती नव्याने उभी केली. गवंडी, सुतार आणि त्यांच्या हाताखालचे दोन बिगारी असं चार माणसांचं काम महिनाभर चाललं. आजी त्या चौघांना रोज दुपारी जेवू घालायची. ज्वारीची भाकरी, आमटी, लसणाची चटणी, कांदा, वर ताक. आणि काम संपलं त्या दिवशी पुरणपोळी. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. लेखात हे सगळं आलं होतं आणि शेवटी एक वाक्य होतं : ‘आमच्या घरी कामावरचा माणूस कधी उपाशी गेला नाही.’

लेख प्रसिद्ध झाल्यावर एक पत्र आलं. लिहिणारा त्या दोन बिगाऱ्यांपैकी एकाचा मुलगा. आता तो स्वतः बांधकामाची लहानमोठी कंत्राटं घेतो. पत्रात राग नव्हता. लेख वडिलांना वाचून दाखवला, त्यांना आजीची आठवण आली, असं त्याने आधी लिहिलं होतं. मग एवढंच : ‘पदार्थ तुम्ही बरोबर लिहिलेत. वडील म्हणाले, पुरणपोळी खरंच होती. पण कोण कुठे बसलं होतं, ते लिहायचं राहिलं.’

राहिलं होतं खरं. गवंडी ओसरीवर बसायचा, सुतार त्याच्याशेजारी. दोघे बिगारी गोठ्याच्या भिंतीलगत. त्यांच्या जर्मनच्या थाळ्या अंगणातल्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या असत. जेवण झाल्यावर त्या त्यांनीच धुवायच्या आणि तिथेच पालथ्या घालायच्या. पाणी वरून ओतलं जाई. हे मला आठवत नव्हतं असं नाही. लिहिताना ते ‘आठवण’ या सदरात बसलं नाही, इतकंच.

त्या पत्रामुळे मराठी साहित्यातली कामावरच्या माणसाच्या जेवणाची वर्णनं मी पुन्हा वाचत गेलो. वाचताना एक गोष्ट वारंवार समोर आली. देणाऱ्याच्या आठवणीत पदार्थ असतो. घेणाऱ्याच्या आठवणीत जागा असते. देणारा सांगतो काय वाढलं. घेणारा सांगतो कुठे बसवलं, कशात वाढलं, किती अंतरावरून वाढलं. या लेखात हे विधान काही पुस्तकांवर तपासून पाहायचं आहे. ते सगळीकडे टिकत नाही आणि जिथे टिकत नाही तिथे ते अधिक शिकवतं.

शब्दांची साक्ष

सुरुवात शब्दांपासून करू. कामाच्या मोबदल्यातलं अन्न दाखवणारे कितीतरी शब्द मराठीत आहेत. नुसत्या जेवणावर राबणं म्हणजे पोटावारी काम. सालाने ठेवलेला तो सालगडी. त्याच्या ठरावात पैसा, धान्य, कपडा आणि बऱ्याचदा जेवणही आलं. खळ्यावर वर्षातून एकदा मिळणारा धान्याचा वाटा ते बलुतं आणि दारोदार रोज मिळणारा तो भाकरतुकडा. पहिल्यात हिशेब आहे, दुसऱ्यात नाही. बलुतं कमी मिळालं तर पाटलाकडे, पंचांकडे तक्रार करता येत असे. भाकरतुकडा कमी मिळाला तर तक्रार कुणाकडे करायची?

वरच्या दिशेने जाणाऱ्या अन्नासाठी वेगळा शब्द आहे : शिधा. तो कोरडा असतो. तांदूळ, डाळ, गूळ, तूप. तो घेणारा स्वतःच्या घरी, स्वतःच्या चुलीवर शिजवतो, कारण देणाऱ्याच्या हातचं शिजवलेलं त्याला चालत नाही. खालच्या दिशेने जातं ते शिजवलेलं आणि पुष्कळदा शिळं. बरोबरीच्या माणसाला ताजं मिळतं आणि तेही पंगतीत. एकाच घरातून एकाच दिवशी निघालेलं अन्न कच्चं आहे, ताजं आहे की शिळं, एवढ्यावरून घेणाऱ्याची पायरी कळते. मॅकिम मॅरियट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये कोण कुणाकडून कोणतं अन्न घेतो याचे तक्ते मांडून जातींची उतरंड दाखवली. आपल्याकडे त्यासाठी तक्त्याची गरज नव्हती, शब्दच पुरेसे होते.

‘खाल्ल्या मिठाला जागावं’ ही म्हण याच व्यवहारातली. तिच्यात खाणाऱ्यावर कर्ज चढतं आणि ते निष्ठेने फेडायचं असतं. मीठ ज्याच्या घरचं, त्याने खाणाऱ्याच्या घामाला जागावं, असं सांगणारी म्हण तितक्या सहज ओठावर येत नाही.

दोन जुने हिशेब

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहिला. त्याच्या पहिल्या प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाखाली शेतकऱ्याकडून काय काय काढून घेतलं जातं, त्याची यादी आहे. तिच्यात नव्या घराचा प्रसंग येतो. उन्हात राबलेले बिगारी, घाम गाळलेले गवंडी-सुतार, उंचावर चढून घर शाकारणारे मजूर यांच्या पोटभर जेवणाची काळजी कुणाला नाही आणि वास्तूच्या निमित्ताने तुपासकट जेवून, दक्षिणा घेऊन जातो तो पुरोहित. घर बांधलं कुणी आणि घरात जेवलं कोण, हा प्रश्न फुल्यांनी इतक्या थेटपणे विचारला की त्यात पदार्थ आणि जागा दोन्ही एकदम येतात. मजूर घराच्या माथ्यावर चढला होता. पंगत मात्र घराच्या आत बसली.

दुसरा हिशेब त्रिंबक नारायण आत्र्यांचा. ‘गावगाडा’ १९१५ चा. आत्रे महसूल खात्यात होते आणि गाव त्यांनी आतून पाहिलं होतं. बलुतेदारांच्या ओळी ते नीट लावून देतात : थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग, मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी, धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. त्यांची सहानुभूती कुणब्याकडे आहे. पीक त्याचं आणि मागणारे हात किती, ही त्यांची चिंता. ती खोटी नाही. दुष्काळी मुलखातला लहान शेतकरी खरोखरच या मागण्यांनी बेजार होत असे. पण या हिशेबात भाकरी ही कुणब्याच्या घरातून बाहेर जाणारी वस्तू आहे, म्हणजे खर्च. खळं, उंबरा, दार या सगळ्या जागा आत्र्यांच्या पुस्तकात आहेत. त्या दारात उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मात्र नाही. ते लिहायला दारात उभा राहिलेला माणूसच लिहिता व्हावा लागला.

दाराबाहेरून लिहिलेलं

बंधुमाधव यांची ‘विषारी भाकर’ ही कथा दलित साहित्याच्या पहिल्या फळीतली. तिची ओळख इतकी झाली की अर्जुन डांगळे यांनी १९९२ मध्ये संपादित केलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संग्रहाला तिचंच नाव मिळालं. येताळ्या हा म्हातारा महार नातवाला घेऊन पाटलाच्या खळ्यावर राबायला जातो. दिवसभराच्या कामानंतर त्याच्या वाट्याला येतात बैलांपाशी पडलेले, शेणामुताने भरलेले भाकरीचे शिळे तुकडे. ते खाऊन तो मरतो. मरताना तो नातवाला ही असली भाकर पुन्हा घेऊ नकोस, असं बजावतो. कथेचं नाव भाकरीवर असलं तरी वाचकाच्या मनात राहतो तो गोठा. तेच पीठ पाटलाच्या चुलीपाशी अन्न होतं. बैलांच्या दावणीपाशी ते विष झालं. मधल्या वीस-पंचवीस पावलांच्या अंतरात कथेचा सगळा अर्थ आहे.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये अन्नाऐवजी पैसा आहे, पण रीत तीच. आई सुपं-टोपल्या विणते आणि मुलगी त्या गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवते. घेणारी बाई आधी टोपलीवर पाणी शिंपडते, मग उचलते. पैसे वरून मुलीच्या हातात टाकते. मोबदला पूर्ण मिळाला, रोख मिळाला. तरी लेखिकेला आठवतो तो नाण्याचा आकडा नव्हे, नाणं आणि हात यांमधलं अंतर. म्हणजे दोष केवळ अन्नाच्या मोबदल्यात होता आणि रोख पैसा आला की तो आपोआप गेला, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तली (१९८४) शाळेची सहल प्रसिद्ध आहे. सवर्ण मुलं एका बाजूला जेवतात, महारांची मुलं दुसऱ्या बाजूला आणि उरलेलं या मुलांना मिळतं. इथे कुणी कामावर नाही, सगळे विद्यार्थी आहेत. तरी जेवणाची मांडणी गावातलीच आहे. दहा वर्षांच्या मुलांना ती कुणी शिकवावी लागली नाही. घरी येणाऱ्या माणसांना आपली आई कुठे बसवते, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

विधान अडतं तिथे

इथपर्यंत माझं विधान सुखरूप चाललं होतं. पण ‘अक्करमाशी’त पुढे तो मुलगा घरी येऊन आईला सांगतो, तेव्हा आई विचारते की माझ्यासाठी थोडं का आणलं नाहीस. तिला ते उष्टं अमृतासारखं वाटतं. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्येही (१९७९) भूक इतकी मोठी आहे की अन्नाची चव हाच अनेकदा प्रसंगाचा गाभा होतो. म्हणजे घेणाराही पदार्थ विसरत नाही. पोटात आग असताना जागेचा विचार करायला सवड नसते. जागा आठवते ती पोट थोडं शांत झाल्यावर, लिहायला बसल्यावर, कधीकधी पुढच्या पिढीला. मला आलेलं पत्रही मुलाचं होतं. वडिलांना आधी पुरणपोळीच आठवली होती.

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणखी अडचणीत टाकतं. येसकराच्या पाळीचं वर्णन त्यांनी केलं आहे. घुंगराची काठी घेऊन, जोहार घालत गावभर भाकरी मागत फिरायचं. ही गुलामगिरी होती, हे त्या निःसंदिग्धपणे सांगतात. पण ज्या घरी ती काठी यायची त्या घराला तिचा अभिमान वाटायचा, हेही त्या लपवत नाहीत. भाकरी हा हक्क होता आणि काठी त्या हक्काची खूण. ज्या व्यवहाराने माणसाला वाकवलं त्याच व्यवहाराने त्याला गावात एक ठाव दिला, हे सांगायला धाडस लागतं. बाहेरच्या अभ्यासकाने तेच लिहिलं असतं तर ते व्यवस्थेचं समर्थन ठरलं असतं. बेबीताईंच्या लेखणीतून ते व्यवस्थेवरचा सर्वांत कठोर आरोप होतं : अपमानालाच मान समजण्यापर्यंत माणसाला आणलं होतं.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या नावातही हीच दुहेरी धार आहे. बलुतं म्हणजे हक्काचा वाटा. आयुष्याने माझ्या पदरात टाकलेला वाटा हा असा, असं लेखक म्हणतो; आणि हक्क हा शब्दच आतून किती पोकळ होता ते पानापानावर उघड होतं.

म्हणून विधान थोडं बदलून मांडायला हवं. प्रश्न जागेचा आहे, पण जागेमागे दुसरा एक प्रश्न आहे : हे जेवण नाकारता येत होतं का? मजुरी पूर्ण दिल्यावर वर जेवण वाढलं तर तो पाहुणचार. नको म्हणता येतं. मजुरीचा ठरलेला भाग म्हणून वाढलं तर तो हक्क; मागता येतं. मजुरीऐवजी वाढलं तर ती वेठ. तिथे नाकारताही येत नाही आणि मागताही येत नाही. पुरणपोळी या तिन्ही ठिकाणी सारखीच लागते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत व्हावं ही त्यातली एक मागणी होती. या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. भाकरी नाकारा असं उपाशी माणसाला सांगताना, ती नाकारण्याची ऐपत त्याच्यात कशी येईल, याचा विचार त्याच नेत्याने वर्षभरात कायद्याच्या भाषेत मांडला.

देणाऱ्याने जागा पाहिली तेव्हा

देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या साहित्यात जागा कधीच दिसत नाही असंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला (१९४९) धर्मा रामोशी आठवावा. निवेदक धर्माला धोतर देतो. पुढे धर्मा पुन्हा त्याच फाटक्या अवस्थेत दिसतो, तेव्हा देणाऱ्याला राग येतो : दिलेलं वापरत का नाही? मग धर्माच्या खोपटापाशी गेल्यावर दिसतं की ते धोतर त्याची मुलगी नेसली आहे. वस्तू इथे अन्न नाही, वस्त्र आहे. पण देणाऱ्याचा हक्कसांगा स्वभाव तोच. दिलेली गोष्ट त्याने माझ्या कल्पनेप्रमाणे वापरावी, ही अपेक्षा. माडगूळकरांचं मोठेपण असं की त्यांनी निवेदकाला त्याच्या दारातून हलवून घेणाऱ्याच्या दारात नेलं. तिथे रागाची शरम होते. घेणारा माणूस आपल्या अंगणात उभा असतो, तेव्हा तो कसा दिसतो ते आपण लिहितो. त्याच्या अंगणात आपण गेलो तर आपण कसे दिसतो, ते त्या काळच्या फार थोड्या लेखनात आलं आहे.

आणि जेवणाची निर्मळ रीतही या मातीत होती. ईर्जिकीत गावातले शेतकरी आपापली औतं घेऊन एकाच्या रानात उतरतात, दिवसात नांगरट उरकतात आणि यजमान सगळ्यांना भरपेट जेवू घालतो. मजुरी नाही, नुसतं जेवण. तरी ते पोटावारी काम ठरत नाही, कारण उद्या हाच यजमान दुसऱ्याच्या रानात औत घेऊन जाणार असतो आणि तिथे जेवणार असतो. कोकणात लावणीच्या दिवसांत पैऱ्याने माणसं येतात, बांधावर पेज पिऊन पुन्हा चिखलात उतरतात, तीही याच जातीची रीत. ज्याच्याकडे जेवायचं त्याला उलट जेवू घालता येणं, हे इथलं मर्म. आजीच्या चार माणसांना तसं करता येणार नव्हतं. त्यांच्या घरी आम्ही जेवायला गेलो असतो का, या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे.

चहा आणि डबा

शहरात ही रीत आक्रसत चहावर आली. मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ च्या एका निबंधात स्वतःच्या घरातलं खाणंपिणं तपासलं. त्यांना आढळलं की पेय अनोळखी माणसाला आणि कामगारालाही दिलं जातं. जेवण मात्र घरच्यांसाठी, जवळच्या मित्रांसाठी आणि मानाच्या पाहुण्यांसाठी. ही लंडनची गोष्ट आपल्या फ्लॅटलाही लागू पडते. नळ दुरुस्त करणाऱ्याला चहा विचारतो, जेवायला बसा म्हणत नाही. फरक इतकाच की आपल्याकडे चहाच्या कपालाही जागा नेमून दिलेली असते. कान तुटलेला कप फेकून न देता मांडणीच्या कडेला का ठेवतात, हे कुठल्याही मराठी घरात विचारावं लागत नाही.

कायद्याने या व्यवहारात पूर्वीच हात घातला आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने मजुरी रोख द्यावी असं ठरवलं. वस्तुरूप मोबदल्याची वहिवाट असेल तिथे सरकारच्या परवानगीने सूट ठेवली. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण उरलेली भाजी ‘घेऊन जा’ म्हणताना ती पगारात धरली आहे की पगारावर आहे, हे ओट्यापाशी ठरतं आणि तिथे कायदा पोहोचत नाही.

कामावरच्या माणसाने याला स्वतःचं उत्तर शोधलं आहे. तो डबा आणतो. स्लॅबच्या दिवशी मालकाने दिलेलं जेवण आजही आनंदाने होतं. सगळे एकत्र बसतात, तो सोहळाच असतो. एरवी दुपारी एक वाजता तो पिशवीतून डबा काढतो. ‘जेवून घ्या आमच्याकडे’ म्हटलं तर हसून ‘आणलाय’ म्हणतो. माझ्या पिढीतल्या लोकांना यात आपुलकी संपल्याचं दुःख होतं, त्यावर दिवाळी अंकांत लेखही येतात. मीही तसा एक लिहिला होता. आता वाटतं, दलित आत्मकथनांनी जी गोष्ट शंभर प्रकारे मागितली, तीच त्या डब्यात आहे : आपलं जेवण आपल्या घरचं असणं, आणि दुसऱ्याने दिलेलं घ्यायचं की नाही हे आपण ठरवणं.

यावरून जेवू घालणं वाईट, असा निष्कर्ष मी काढणार नाही. आजी मनाने मोठी होती. उन्हात काम करणाऱ्याला ती ताकाशिवाय उठू देत नसे. तिला जी रीत मिळाली ती तिने मनापासून पाळली. पण तिच्या मायेचा पुरावा म्हणून मी जे वर्णन दिलं, ते अर्धं होतं, आणि अर्धं वर्णन देण्याची सोय मला होती कारण मी ओसरीच्या आतल्या बाजूला होतो. आपल्या स्मरणलेखनाची समीक्षा करताना भाषा, शैली, व्यक्तिचित्रण यांच्याआधी हा साधा प्रश्न विचारायला हवा : या पानावर कोण कुठे बसलं आहे, आणि लिहिणारा कुठे उभा आहे?

पत्राला मी उत्तर पाठवलं. त्या लेखाचं पुढेमागे पुस्तक होईल तेव्हा शेवटचं वाक्य बदलेन, असं त्यात कळवलं. नवं वाक्य असं आहे : ‘आमच्या घरी कामावरचा माणूस कधी उपाशी गेला नाही, दोघे ओसरीवर जेवले आणि दोघे गोठ्यापाशी.’ हे वाक्य वडिलांना वाचून दाखवलं, असं मुलाने नंतर फोनवर सांगितलं. ते काय म्हणाले, असं मी विचारलं. ‘बरोबर आहे, म्हणाले,’ तो म्हणाला.